चला, महाराष्ट्राच्या माथ्यावर!

दोस्तांनो, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? ‘कळसूबाई, १६४६ मीटर!’ असं उत्तर तुम्ही झोपेतही द्याल. पण त्या उत्तराच्या डोक्यावर उभं राहून पाहिलंय कधी? त्यासाठी दोर नको, गिर्यारोहणाचं शिक्षण नको. घट्ट बूट, भरपूर पाणी आणि हिवाळ्यातला एक रविवार पुरे. आईबाबांनाही सोबत घ्या!

अहिल्यानगर जिल्ह्यात, घोटी-भंडारदरा रस्त्यावर बारी गाव आहे. तिथून सकाळी सातला निघायचं. आधी शेतं, मग चढ, मग उभे कातळ आणि त्यांना लावलेल्या लोखंडी शिड्या. या शिड्या ठरावीक जागीच का बरं? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थर कड्यांसारखे उभे राहिले. म्हणजे शिडी चढताना तुम्ही पृथ्वीच्या इतिहासाचं एकेक पान उलटत असता!

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चालताना सर्वांत पुढे कोण? दादा? बाबा? छे! घरातलं सगळ्यात धाकटं पिल्लू. त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. मोठी माणसं पुढे पळाली, की धाकटा धापा टाकत मागून धावतो आणि तिथेच पाय घसरतो. शिडीवर एका वेळी एकच जण, तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे.

दुसरा नियम घरूनच ठरवून निघा. दुपारी बारापर्यंत माथा आला नाही, तर परत फिरायचं. पाऊस आला, वीज कडाडली, तर त्याआधीच! असं फिरणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. उतरायलाही पायांत बळ आणि आकाशात उजेड लागतो ना? शिखर कुठे पळून जात नाही.

आणि माथा गाठलात, तर? कळसूबाईचं चिमुकलं देऊळ, भणाणता वारा, खाली भंडारद्याचं चमकतं पाणी, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंगचे किल्ले. डबा उघडा, पोटभर खा. मात्र प्लॅस्टिकची पिशवी न् पिशवी दप्तरात परत आणा.

मग पुढच्या वेळी भूगोलाच्या पेपरात तो प्रश्न आला, की उत्तर लिहिताना गालातल्या गालात हसाल. कारण ते उत्तर पाठ केलेलं नसेल, पायांनी मोजलेलं असेल!