पंचनामा झाला, पण यादीत नाव नाही?

अतिवृष्टीचा पंचनामा होऊनही मदतीच्या यादीत नाव नसेल तर नुसते हेलपाटे मारू नका. माहिती अधिकारात कागद मागा.

✅ अर्ज तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट.
❌ ‘पैसे का आले नाहीत?’ असं विचारू नका.
✅ ‘गट नं. __ च्या पंचनाम्याची व बाधित शेतकऱ्यांच्या यादीची प्रत द्यावी’ असं लिहा. विषय एकच, १५० शब्दांच्या आत.
✅ शिक्क्याची पोच घ्या, जपून ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा.

प्रत हातात आली की पीक आणि क्षेत्र बरोबर लागलंय का, ते आधी बघा. चूक कागदावर दिसली तरच दुरुस्ती मागता येते.