गाडीचे मिसिंग आणि प्लगचा हिशेब

जळगावहून सकाळी माल भरून निघालेली व्हॅन पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी असे करीत धुळ्याला पोहोचते. अंतर सुमारे ९० किलोमीटर. रस्ता बहुतांशी सपाट असल्यामुळे इंजिनाची बारीकसारीक खोड लक्षात येत नाही. पण तीच गाडी धुळ्याहून मालेगावच्या दिशेने लळिंगचा चढ चढू लागली की इंजिन मधूनच एखादा ठोका चुकवते, गाडी आचके देते, पिकअप मिळत नाही. गॅरेजच्या भाषेत याला 'मिसिंग' म्हणतात. मिस्त्रीचा पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो आणि दुसरा प्लगच्या वायरींवर. हा संशय बहुधा रास्त असतो. रास्त नसते ती पुढची घाई. दुकानात जो प्लग हाताशी असेल तो बसवला जातो, गाडी चालू झाली की समाधान मानले जाते आणि दोन महिन्यांनी तेच दुखणे पुन्हा उभे राहते.

हा प्रश्न फक्त पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांचा आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तेथे दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइलच्या साहाय्याने दहा ते तीस हजार व्होल्ट होतात आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडी घेते. ही फट वापराने झिजून रुंदावते. फट जितकी मोठी, तितका अधिक दाब ठिणगीला लागतो. चढावर इंजिनावर भार आला की हा दाब आणखी वाढतो आणि कॉइल कमी पडते. सपाट रस्त्यावर निमूट चालणारी गाडी लळिंगला का अडते, याचे उत्तर येथे आहे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, म्हणून येथे सुट्या भागांची बाजारपेठ वाढली यात नवल नाही. जुन्या पिढीला प्लग म्हटले की 'मायको' हेच नाव आठवते. १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेल्या या कंपनीचे नाशिकचे मायको सर्कल आजही त्याच नावाने ओळखले जाते, जरी कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले आहे. मूळ जर्मन बॉश कंपनीच्या होनोल्ड नावाच्या अभियंत्याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला. आज बॉशच्या जोडीला एनजीके, डेन्सो, चॅम्पियन ही नावेही काउंटरवर असतात. नावे चारही चांगली आहेत. प्रश्न नावाचा नसून क्रमांकाचा आहे.

प्लगवर छापलेला क्रमांक म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच. उदाहरणार्थ, एनजीकेच्या 'बीपीआर६ईएस' या प्लगात 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेले टोक, 'आर' म्हणजे आत बसवलेला रोधक, 'ई' म्हणजे आट्यांची १९ मिलिमीटर लांबी. मधला ६ हा आकडा उष्णतेचा दर्जा सांगतो. आट्यांची लांबी जास्त असलेला प्लग चुकून बसला तर तो पिस्टनवर आदळून इंजिन मोडू शकतो. कमी असला तर ठिणगी खोबणीत लपते. रोधकाचा प्लग हवा तेथे साधा बसवला तर विजेच्या खरखरीमुळे रेडिओच नव्हे, तर इंजिनाचा संगणकही गोंधळू शकतो.

उष्णतेच्या दर्जाबद्दल खानदेशात एक समज पक्का बसला आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून येथे 'थंड' प्लग वापरावा, असे सांगणारे अनेक भेटतात. ऐकायला ते पटतेही. पण प्लगचे टोक काम करताना साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान असते आणि सिलिंडरातील ज्वाला दोन हजार अंशांच्या वर असते. त्या हिशेबात बाहेरच्या दहा-पंधरा अंशांचा फरक नगण्य आहे. गाडीला लागतो त्यापेक्षा थंड प्लग बसवला तर टोक ४५० अंशांपर्यंत तापत नाही, त्यावरची काजळी जळत नाही आणि दाणाबाजार ते स्टेशन अशा लहान फेऱ्यांत प्लग लवकरच काळा होतो. उलट जास्त गरम प्लग भार पडताच लालबुंद होतो आणि ठिणगीच्या आधीच इंधन पेटवतो. शिवाय एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. दुकानदाराने 'सहाऐवजी सात चालेल' असे म्हटले, तर कोणत्या कंपनीचे सात, हे विचारणे भाग आहे. यापेक्षा गाडीच्या मॅन्युअलमधील क्रमांकच घेणे सोपे.

महागडा इरिडियम प्लग घ्यावा का? इरिडियम २,४४६ अंशांना वितळते, निकेल १,४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचे टोक अगदी बारीक करता येते आणि ते दीर्घकाळ टिकते. कंपनीनेच तो दिला असेल तर तोच घ्यावा. पण निकेलच्या प्लगवर चालणाऱ्या जुन्या गाडीत कित्येक पट पैसे मोजून इरिडियम बसवल्याने ॲव्हरेज विशेष वाढत नाही. वाढ दिसली तर ती बहुधा जुना झिजलेला प्लग निघाल्याची असते, जी साध्या नव्या प्लगनेही दिसली असती.

खर्चाचा खरा हिशेब वेगळा आहे. समजा, एखादी सीएनजी व्हॅन आठवड्याला जळगाव-धुळे अशा तीन फेऱ्या करते. महिन्याला सुमारे २,३०० किलोमीटर झाले. किलोला २० किलोमीटर चालणारी गाडी मिसिंगमुळे १८ वर आली तर महिन्याला सुमारे १३ किलो गॅस जास्त जातो. किलोला ९० रुपये धरले तरी हे ११५० रुपयांच्या पुढे जाते. निकेलच्या चार प्लगांचा संच याच्या निम्म्यात येतो. त्यात न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते, आणि तो भाग बदलायचा झाला तर प्लगांच्या कित्येक संचांची किंमत एकदम द्यावी लागते.

सीएनजीला पेटण्यासाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो, त्यामुळे अशा गाडीत प्लग लवकर झिजतो. गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग करीत असेल, तर किटची दुरुस्ती सांगण्याआधी प्लग, वायर आणि कॉइल तपासून घ्यावे.

वायरींकडे सहसा दुर्लक्ष होते. नव्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि वायरच नसते. परंतु जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या गाड्यांत त्या आहेत. इंजिनाच्या उष्णतेने वायरचे आवरण कडक होते, त्याला तडे जातात आणि पहिल्या पावसाच्या दमट हवेत वीज मध्येच इंजिनाच्या धातूकडे पळते. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून पाहिले तर हे निळसर पळणे दिसते. त्या वेळी वायरला हात मात्र लावू नये. मल्टीमीटरने रोध मोजला आणि सारख्याच लांबीच्या वायरींत एकीचा आकडा फारच निराळा आला तर पूर्ण संच बदलावा. वायरी एकेक करून बदलाव्यात. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२ आहे, बहुतेक चार सिलिंडरांचा १-३-४-२. सगळ्या वायरी एकदम उपटल्या तर हा क्रम चुकतो.

बनावट मालाचा उपद्रव मोठा आहे. मधले टोक बरोबर मध्यभागी नसणे, आट्यांना कुसर असणे, चिनीमातीवरील अक्षरे नखाने पुसली जाणे, ही ठळक चिन्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा 'बिलाशिवाय स्वस्त' या आमिषातही पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही. वाचकांपैकी ज्यांचे ऑटो पार्ट्सचे दुकान आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. आपण पुरेशी खबरदारी घेतली होती आणि माल कोणाकडून आला, हे दाखवता येणे हाच दुकानदाराचा बचाव. त्यासाठी खरेदीचे बिल जपलेले हवे.

प्लग बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे सहज जातात. आधी फुंकर मारून धूळ काढावी. खानदेशातल्या रस्त्यांवरची बारीक माती सिलिंडरात पडणे परवडत नाही. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा, वॉशर टेकला की प्लगपान्याने अर्धा ते पाऊण वळसा, त्याहून अधिक नाही. काढलेले प्लग लगेच फेकू नयेत. सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून पाहावेत. फिकट तपकिरी टोक हे आरोग्याचे लक्षण. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. तेलकट काळेपणा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येत आहे. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे अति उष्णता. चारांपैकी तीन तपकिरी आणि एकच तेलकट निघाला, तर नवा प्लग बसवून गाडी चालू होईल खरी, पण त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन मिस्त्रीकडून त्याच दिवशी तपासून घ्यावे.