दादासाहेब खापर्ड्यांच्या रोजनिश्या

अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे यांचे खासगी कागद नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यातला खरा ऐवज म्हणजे त्यांच्या रोजनिश्या. चाळीसहून अधिक वह्या, सगळ्या इंग्रजीत. दिवसभर कोर्ट, अशील, सभा, पाहुणे यांत गुंतलेल्या माणसाने इतकी वर्षं नेमाने एवढं लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दादासाहेबांचा जन्म 1854 चा. 1884 मध्ये एलएल.बी. झाल्यावर काही वर्षं त्यांनी वऱ्हाडात मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी केली. ती सोडून 1890 पासून अमरावतीत वकिली मांडली. तेव्हाचा वऱ्हाड नावापुरता निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. कोर्टाची भाषा, कायदा आणि साहेबाची रीत या तिन्ही गोष्टी ठाऊक असलेला वर्ग वकिलांचाच होता, त्यामुळे गावचं राजकारण त्यांच्या बैठकीतच शिजे. नगरपालिका आणि जिल्हा बोर्ड या दोन्ही ठिकाणी दादासाहेब पुढारी होते. 1897 साली काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीला भरलं, त्याचे स्वागताध्यक्ष तेच. कमाई मोठी आणि खर्चाचा हात त्याहून मोठा. लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत.

लोकमान्य टिळकांशी त्यांचं नातं राजकारणापुरतं नव्हतं. टिळकांचे पुण्याचे सरदार मित्र बाबामहाराज यांच्या इस्टेटीचे दोघेही विश्वस्त होते. बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज यांच्या दत्तकाच्या वादातून उभं राहिलेलं ताईमहाराज प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि टिळकांच्या बाजूने निकाल लागायला 1915 साल उजाडलं. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा अपिलाच्या खटपटीसाठी दादासाहेब चालती वकिली टाकून इंग्लंडला गेले आणि दोन वर्षं तिकडेच राहिले. अपील काही उभं राहिलं नाही. घराकडचं उत्पन्न मात्र आटलं.

परतल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबर 1910 मध्ये, ते पहिल्यांदा शिर्डीला साईबाबांकडे गेले. पुढच्या वर्षी 6 डिसेंबरला पुन्हा गेले ते थेट मार्च 1912 च्या मध्यापर्यंत तिथेच राहिले. या काळात टिळकांचे जवळचे म्हणून सरकारची नजर त्यांच्यावर होतीच. या मुक्कामांतल्या नोंदी पुढे ‘शिर्डी डायरी’ म्हणून छापल्या गेल्या आणि साईभक्तांच्या घरोघरी पोचल्या.

ही डायरी मन लावून वाचली की वकिलाचा हात कळतो. पहाटे उठलो, काकड आरतीला गेलो, साईमहाराज बाहेर जाताना आणि परतताना दर्शन घेतलं, दुपारी वाचन झालं, कोण आलं, कोण गेलं, बाबांकडून परत जायची परवानगी आजही मिळाली नाही. तेच ते रोज. चमत्कार शोधत आलेला वाचक कंटाळतो. पण ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणून, पाहिलेली गोष्ट पाहिलेली म्हणून लिहिण्याची ही सवय साक्षीपुरावे तपासणाऱ्याची आहे. म्हणूनच 19 जानेवारी 1912 ची नोंद अंगावर येते. बाबांची मनोभावे सेवा करणारा मेघा त्या पहाटे चारच्या सुमारास वारला. काकड आरती झाली. पुढे बाबा मेघाच्या देहापाशी आले आणि मोठ्याने शोक करू लागले. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादासाहेब हे लिहितात आणि पुढच्या कामाकडे वळतात. एकही विशेषण वाढवत नाहीत. बाबांच्या हयातीतला, त्याच दिवशी लिहून ठेवलेला इतका जवळचा पुरावा फार थोडा आहे. सभा गाजवणारे हे वक्ते, बाबा राहत त्या मशिदीत, त्यांच्यापुढे गप्प बसत, अशी आठवण ‘साईसच्चरिता’त आहे. तिथे न बोललेलं सारं रात्री वहीत उतरलं असणार, असं मला वाटतं.

या रोजनिश्यांचे वाचक मात्र आपापला तुकडा तोडून नेतात. साईभक्तांना शिर्डीचे महिने पुरतात. टिळकांचे अभ्यासक सुरतेतली काँग्रेसची फूट, लंडनचा मुक्काम, होमरूलची चळवळ एवढं पाहतात. दादासाहेब 1920 पासून कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये होते, त्या काळाकडे फारसं कोणी वळत नाही. गांधींच्या वाटेने ते गेले नाहीत, हेही त्याचं एक कारण असावं. सगळ्यात उपेक्षित राहिली ती अमरावती. एका जिल्ह्याच्या गावी सत्ता कशी चालते, कोण कोणाकडे शब्द टाकतं, वकील आणि जमीनदार कुठे एकत्र येतात, हे सरकारी गॅझेटियरमध्ये सापडत नाही. ते सापडलं तर अशा वह्यांतच.

1938 साली दादासाहेब गेले. त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण खापर्डे यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं, ते मोलाचं आहे. पण मुलाने लिहिलेलं चरित्र आणि बापाने स्वतः लिहिलेली रोजनिशी या दोन वेगळ्या गोष्टी. वऱ्हाडातल्या विद्यापीठांनी, इतिहास मंडळांनी आता या सगळ्या वह्यांची सटीप मराठी आवृत्ती काढण्याचं काम अंगावर घ्यावं. सुरुवात 1890 ते 1908 या अमरावतीच्या वर्षांपासून करावी. शिर्डीचे महिने वाचकांना ठाऊक आहेतच.