मे महिन्यातला पाऊस कुठून आला?

बारामती आणि इंदापूर हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके. समुद्र दूर असला तरी इथल्या हवेची सूत्रं अनेकदा तिकडूनच हलतात.

भारतीय हवामान विभाग फेब्रुवारीअखेर मार्च ते मे या महिन्यांचा अंदाज देतो. त्यातून उन्हाळ्याचा रोख कळतो, एखाद्या दिवसाचा वळीव नाही.

समुद्रावरून हलणारी ही सूत्रं मे २०२५मध्ये स्पष्ट दिसली. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनाऱ्यावर आलं. लगेच बारामती-इंदापुरात मुसळधार पाऊस कोसळला. नीरा डावा कालवा फुटला, शेतांत आणि घरांत पाणी शिरलं. २६ मे रोजी तर मान्सूनही पुण्यात दाखल झाला.

त्यामुळे काढलेला कांदा झाकायचा की नाही, हे ठरवताना हंगामी अंदाजाऐवजी रोजचे इशारे पाहणंच हिताचं.