नदीपलीकडची गिटार

चोपड्याच्या काठावर उभे राहिले की पलीकडे शिवोली दिसते. पूल होण्यापूर्वी फेरीबोट दोन्ही गावे जोडीत असे. तथापि अलीकडच्या भजनाने पलीकडच्या गिटारीची विचारपूस क्वचितच केली. त्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस (जन्म १९५३) यांची वाटचाल म्हणूनच आम्हांस येथे नोंदवावीशी वाटते.

मुंबईत वास्तुशास्त्र शिकलेले रेमो युरोप व उत्तर आफ्रिकेत गात-भटकत हिंडले आणि आश्चर्य असे की, गावी परतले! १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत त्यांनी घरीच मुद्रित केली. गीते त्यांची, वादन त्यांचे आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी विक्रीही त्यांचीच. पुढील ‘जलवा’, ‘बॉम्बे’ हे चित्रपट, २००७ ची पद्मश्री, हे सारे सर्वश्रुत आहे. आम्हांस मोठी वाटते ती स्कूटर. कारण आधीच्या पिढीचे कितीतरी गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत झिजले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच उमटली.

रेमोंची भाषा बव्हंशी इंग्रजी, ढंग पाश्चात्त्य. आम्हांसही तो सारा रुचतो असे नव्हे. परंतु गावात बसून आपला सूर आपणच जतन करण्याची त्यांची जिद्द आमच्या काठावर कोठे आहे? पेडण्यातील वृद्ध भजनी बुवांच्या चाली त्यांच्याबरोबरच लोपत आहेत. पणजीकडे डोळे लावून न बसता एखाद्या देवस्थानाने यंदाच्या सप्ताहातच मुद्रणास आरंभ करावा. यंत्राचा जाणकार हवा असल्यास आता पुलापलीकडेच जायचे आहे.