‘तारिणी’वरच्या दोघी
गोव्यात बांधलेली, ५६ फुटी शिडाची नौका ‘तारिणी’. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळातल्या पृथ्वीप्रदक्षिणेत तिच्यावर नौदलाच्या दोघीच होत्या : लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. माणसं दोनच, म्हणजे एकीचा पहारा, दुसरीची झोप. वारा फिरला की ती झोपही गेली. अंगातला पट्टा दोरीने नौकेला अडकवलेला, कारण रात्री पाण्यात पडलेलं माणूस सापडणं दुरापास्त. शिवाय समुद्राच्या पाण्याने भिजलेले कपडे धड वाळत नाहीत, त्यातलं मीठच हवेतला ओलावा ओढून घेतं. (वादळापेक्षा हाच छळ मोठा वाटतो!) ३० जानेवारीला त्यांनी दक्षिण पॅसिफिकमधला ‘पॉइंट निमो’ ओलांडला. तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे.