अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षण : पैशांची आणि कागदपत्रांची पूर्वतयारी

मे महिना उजाडला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राम आणि गाझियाबाद येथील बँकशाखांमध्ये एक विशिष्ट प्रकारची धावपळ सुरू होते. मुलाच्या वा मुलीच्या हाती अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते, ऑगस्टच्या उत्तरार्धात वर्ग भरणार असतात आणि पालक प्रथमच शैक्षणिक कर्जाची चौकशी करण्यास आलेले असतात. प्रवेशपरीक्षा, शिफारसपत्रे, उद्देशनिवेदन यांची तयारी दीड वर्षापूर्वी सुरू झालेली असते. राहिलेला असतो तो पैसा आणि तारण ठेवावयाच्या घराची कागदपत्रे. वस्तुतः सर्वांत अधिक वेळ खाणारी बाब हीच आहे. विद्यापीठाकडे अर्ज पाठविण्याच्या महिन्यातच, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बँकेची पायरी चढावी, हे सुचविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत सुमारे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ७८ हजार. आदल्या वर्षी हीच संख्या १ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. ही घट झाली तरी आकडा लहान नाही, आणि राजधानी क्षेत्रात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही त्यात वाटा आहे.

विद्यापीठाच्या निवडीबाबत मार्गदर्शनासाठी दिल्लीकरांस दूर जावे लागत नाही. हेली मार्गावरील ‘फुलब्राइट हाऊस’ येथे ‘युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन’चे कार्यालय आहे. भारत व अमेरिका यांच्यात २ फेब्रुवारी १९५० रोजी झालेल्या करारातून ही संस्था जन्मास आली. २००८ च्या नव्या करारान्वये भारत तिच्या खर्चात समान भागीदार झाला. तीन वर्षांची पदवी कोणत्या विद्यापीठात चालते, कोठे चौथे वर्ष मागतात, यांसारखे प्रश्न विद्यापीठाच्या प्रतिनिधीकडून मोबदला घेणाऱ्या दलालापेक्षा येथे विचारणे अधिक श्रेयस्कर.

आता पैशाविषयी. प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठ ‘आय-२०’ नावाचे प्रमाणपत्र देते. त्यावर शिक्षणशुल्क, निवास, भोजन व आरोग्यविमा यांचा अंदाजित खर्च आणि तो भागविण्याचे मार्ग नमूद असतात. ते मिळविण्यासाठी बँकेतील शिल्लक, मुदतठेवी किंवा कर्जमंजुरीचे पत्र दाखवावे लागते. मात्र हा पुरावा बहुधा पहिल्या वर्षाच्या खर्चाचाच मागितला जातो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षाची तरतूद झाली की सारे जमले, असा समज घरोघरी आढळतो. दुसऱ्या वर्षासाठी ‘तेथे काहीतरी काम मिळेलच’ या भरवशावर सोडून दिले जाते. हा भरवसा फार कमकुवत आहे. विद्यार्थी-व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्यास २० तासच, तेही विद्यापीठाच्या आवारातच, काम करता येते. त्या मिळकतीतून किराणा सुटेल, शिक्षणशुल्क नव्हे. शुल्कमाफी व विद्यावेतन देणारी अध्यापन-साहाय्यक वा संशोधन-साहाय्यक पदे मुख्यत्वे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या वाट्यास येतात. ज्यांना असे साहाय्य देऊ केले गेले आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा प्रस्तावास १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. घाईने होकार कळवून पुढील उत्तम संधी गमावू नये.

पुढील वर्षांचा पैसा हा प्रश्न काही आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथील अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा ठेवून त्यांना मायदेशी परतावे लागले. सिडनेहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिल्लीतील २६, अलीपूर मार्ग येथील त्यांच्या स्मारकास आपल्यापैकी अनेकांनी भेट दिली असेल. त्यांच्यासारख्या विद्वानाचीही तीन वर्षे पैशाअभावी गेली.

तारणाची गुंतागुंत

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण वा स्वतःचा हिस्सा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत सामान्यतः मालमत्तेचे तारण मागितले जात नाही. त्यावरील रकमेस तारण लागते आणि परदेशी शिक्षणासाठी खर्चाच्या १५ टक्के हिस्सा कुटुंबाने उभा करावा, अशी अपेक्षा असते. निवडक विद्यापीठांसाठी काही बँका याहून मोठे विनातारण कर्जही देतात. परंतु ३०-४० लाखांच्या कर्जास बहुतेकांस घरच गहाण ठेवावे लागते, आणि राजधानी क्षेत्रातील मराठी कुटुंबाची खरी अडचण येथे सुरू होते. कारण अर्ज दिल्लीच्या शाखेत आणि घर भलत्याच राज्यात.

प्रथम राजधानी क्षेत्रातील घरेच पाहू. नोएडातील सदनिका सामान्यतः प्राधिकरणाच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर असतात. त्या गहाण ठेवण्यास प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जुन्या सदनिकांपैकी अनेकांचे भाडेपट्टा-हक्काचे मालकीहक्कात रूपांतर अद्याप राहिलेले असते. सर्वांत बिकट स्थिती ‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी’वर घेतलेल्या घरांची. दिल्लीत असे व्यवहार वर्षानुवर्षे सर्रास झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणी स्पष्ट केले की केवळ मुखत्यारपत्र, विक्रीकरार व मृत्युपत्र यांद्वारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. ज्या घरात २५ वर्षे संसार केला, ते घर बँकेच्या लेखी तारणयोग्य नाही, हे अनेक पालकांस मुलाच्या कर्जाच्या वेळीच प्रथम कळते. त्यावेळी हाती दोन महिने उरलेले असतात.

मग दृष्टी वळते ती गावाकडे. पुण्या-नाशिकची सदनिका असल्यास नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट व ना-हरकत पत्र इतक्यावर काम भागू शकते. वडिलोपार्जित वाडा असेल तर मिळकतपत्रिकेवर बहुधा आजोबांचे नाव असते. वारसनोंद व्हावी लागते, आणि काका, आत्या, चुलतभाऊ अशा सर्व सहधारकांची संमती लागते. हे काम कार्यालयापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत, सारे घरी जमले असता, समोरासमोर बोलून अधिक लवकर होते, असा या विषयातील जाणत्यांचा अनुभव आहे. सातबाऱ्यावरील शेतजमीन मात्र साधारणतः स्वीकारली जात नाही, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातील वसुलीची तरतूद शेतजमिनीस लागू नाही.

आमच्या कर्मचारी बंधुभगिनींसही येथे एक विनंती. सातबारा, मिळकतपत्रिका, सूची क्रमांक दोन हे दस्तऐवज मराठीत असतात आणि दिल्लीच्या शाखेतील पॅनेलवरील वकिलास ते वाचता येत नाहीत. अर्ज हाती येताच मालमत्ता ज्या गावी असेल तेथील शाखेकडे शोध अहवाल व मूल्यांकनाचे काम सोपवावे. साधारणतः ३० वर्षांचा शोध घ्यावयाचा असतो. भाषांतराच्या फेऱ्यांत आठवडे दवडणे परवडणारे नाही.

रुपया, डॉलर आणि व्याज

कर्ज रुपयांत मंजूर होते, शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. २०२४ च्या प्रारंभी डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० चा टप्पा ओलांडला. ४० हजार डॉलरच्या शुल्कास पहिल्या दराने ३३ लाख २० हजार लागतात, दुसऱ्या दराने ३६ लाख. हा २ लाख ८० हजारांचा फरक दुसऱ्या वर्षीच डोके वर काढतो. मंजुरी घेतानाच या वाढीस जागा ठेवावी.

व्याजाचेही गणित मांडून पाहावे. समजा ४० लाखांचे कर्ज दोन समान हप्त्यांत उचलले, दर १० टक्के, आणि अभ्यासक्रमानंतर एक वर्ष सवलतीचे. या तीन वर्षांत सरळव्याजाने २, ४ व ४ असे १० लाख रुपये व्याज साठते. ते मुद्दलात मिळविल्यास परतफेड ५० लाखांवर सुरू होते. दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ६६ हजार येतो. व्याज वेळच्या वेळी भरत गेल्यास तोच हप्ता सुमारे ५२,९०० राहतो. ज्या पालकांस दरमहा काही रक्कम भरणे शक्य आहे त्यांनी ती अवश्य भरावी. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते. स्वतःच्या बचतीतून पैसे पाठविल्यास २०२५ च्या एप्रिलपासून वर्षास १० लाखांवरील रकमेवर स्रोताशी करसंकलन होते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठविलेल्या शिक्षणखर्चावर ते होत नाही. कर्ज आणि बचत यांचे प्रमाण ठरविताना हा भेद ध्यानी घ्यावा.

व्हिसासंबंधी थोडक्यात. आय-२० हाती आल्यावर ‘सेव्हिस’ शुल्क (२०१९ पासून ३५० डॉलर) व व्हिसाशुल्क (२०२३ पासून १८५ डॉलर) भरून चाणक्यपुरीतील शांतिपथावरील दूतावासात मुलाखत द्यावी लागते. ती बहुधा काही मिनिटांचीच असते. ‘खर्च कोण करणार?’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यास स्वतः, न अडखळता देता आले पाहिजे. कर्जाची रक्कम ज्याला ठाऊक नाही असा विद्यार्थी तेथे अवघडतो. २०२५ मध्ये मेअखेरीपासून काही आठवडे नव्या विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या वेळा देणेच थांबविण्यात आले होते. ज्यांचे आय-२० आधी तयार होते, त्यांपैकी अनेकांची मुलाखत तत्पूर्वीच उरकली होती.

प्रस्थानापूर्वी एक काम हमखास राहून जाते. दुसऱ्या वर्षाचा हप्ता उचलताना शाखेस गुणपत्रक, नव्या सत्राचे शुल्कपत्रक आणि कर्जदार विद्यार्थ्याची स्वाक्षरी लागते. विद्यार्थ्याने आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र येथेच नोंदवून जावे. अमेरिकेतून पाठवावयाचे झाल्यास ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांकशुल्क भरावे लागते. त्याची एक प्रत कर्जप्रकरणाच्या फाइलमध्ये लावून घ्यावी.